पाऱ्याचा थेंब आणि चार तारा

हनीवेलचा ‘टी-८७’ हा गोल थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान राखणारा स्विच, हाताच्या पंजात मावतो. १९५३ साली तो अमेरिकेत बाजारात आला आणि पुढची कित्येक दशकं तिथल्या घरांच्या भिंतींवर राहिला. आज न्यूयॉर्कच्या कूपर हेविट या डिझाइन संग्रहालयाच्या संग्रहात तो आहे. संग्रहालयात त्याचं रूप तेवढं पाहता येतं. त्याचा पुरता आस्वाद घ्यायचा तर झाकण काढून आत डोकवावं लागतं, आणि पाठीमागून भिंतीत शिरणाऱ्या तारा कुठं कुठं जातात याचा माग काढत एसीच्या बाहेरच्या युनिटपर्यंत जावं लागतं. तारांवाचून हा थर्मोस्टॅट अर्धाच वाचल्यासारखा होतो. इतक्या थोड्या भागांकडून इतकं काम करून घेणारी दुसरी घरगुती रचना माझ्या पाहण्यात नाही, म्हणून ती सावकाश उलगडून पाहायची आहे.

तिच्यामागची परंपरा आधी थोडक्यात सांगतो. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीत लावायच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट मिळवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी घर तापवणाऱ्या भट्टीची झडप आपोआप उघडणारी युक्ती काढली. हनीवेल कंपनी आपली वंशावळ तिथून सांगते. ‘टी-८७’ घडवला तो या कंपनीचे अभियंते कार्ल क्रोनमिलर आणि डिझायनर हेन्री ड्रायफस यांनी. १९४९ मध्ये आलेला बेल कंपनीचा ‘५००’ हा काळा टेलिफोनही ड्रायफस यांच्याच कार्यालयातला. रोज हाताळायची वस्तू हाताला कशी लागावी, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. गोल थर्मोस्टॅटवरचं काम चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झालं होतं, पण मध्ये महायुद्ध आलं आणि तो लोकांपर्यंत पोचायला १९५३ उजाडलं.

प्रथम आकार पाहू. त्याआधीचे बहुतेक थर्मोस्टॅट उभट, चौकोनी पेटीचे. चौकोन भिंतीवर जरासा तिरका बसला तरी डोळ्यांना खटकतो. वर्तुळ कसंही बसवा, तिरकं दिसतच नाही. बाहेरचं कडं ओढलं की निघतं, त्यामुळं घरमालकानं ते भिंतीच्या रंगात रंगवून घ्यावं अशी सोय होती. या वस्तूला भिंतीवर मिरवायचं नव्हतं. आणि हाताची बोटं वर्तुळाभोवती आपसूक बसतात. किती गार हवं ते सांगायचं तर तबकडी फिरवायची. बटणं नाहीत, यादी नाही, वाचावी लागणारी सूचना नाही.

पण या आकारात एक गोड विरोध दडलेला आहे. बाहेरून जी वस्तू तिरकी दिसूच शकत नाही, तिच्या आतलं सगळं काम तिरकेपणावरच चालतं. म्हणून कारागीर ती बसवताना पाठीमागच्या पट्टीवर पाणसळ ठेवून ती बरोबर आडवी आहे ना, हे बघत असे. थोडा जरी कल राहिला तरी तबकडीवर एक आकडा आणि खोलीत दुसरा, अशी गत व्हायची. डोळ्याला जी चूक दिसणार नाही तीही पाणसळीनं शोधून काढायची, हा या रचनेचा कारागिराकडून अपेक्षित असलेला धर्म आहे.

झाकण काढलं की आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली धातूची पट्टी दिसते. ती दोन धातूंचे थर एकमेकांना चिकटवून केलेली असते. एक धातू उष्णतेनं बराच प्रसरण पावतो, दुसरा जेमतेम. त्यामुळं तापमान बदललं की पट्टीला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि ती गुंडाळलेली असल्यामुळं त्या वाकण्याचं रूपांतर वळण्यात होतं. गुंडाळीचं आतलं टोक तबकडीच्या आसाला जोडलेलं, बाहेरच्या टोकावर एक इवलीशी काचेची नळी. आपण तबकडी फिरवतो तेव्हा सगळी गुंडाळीच थोडी फिरते आणि नळीचा कल बदलतो. खोली तापते किंवा निवते तेव्हाही नळीचाच कल बदलतो. माणसाची इच्छा आणि खोलीची अवस्था या दोन्ही गोष्टी इथं एकाच मापात, कोनात, उतरतात. त्यांची तुलना करायला वेगळं काही लागत नाही. दोन्हींची वजाबाकी त्या नळीच्या कलण्यातच होऊन जाते. या संपूर्ण रचनेतलं पहिलं सौंदर्यस्थळ हे.

नळीत पाऱ्याचा एक थेंब आहे. पारा वीज वाहून नेतो. नळी कलली की थेंब घरंगळत टोकाला जातो आणि तिथल्या दोन तारांना जोडतो. उघड्या संपर्कबिंदूंवर धूळ बसते, ठिणगीनं ती जळतात. इथं सगळं काचेत बंद, म्हणून वर्षानुवर्षं स्वच्छ. शिवाय पारा जड. तो एका टोकाकडे निघाला की त्याच्या वजनानंच नळी त्या बाजूला आणखी झुकते, त्यामुळं निर्णय एका झटक्यात होतो. जोडू की नको अशी चलबिचल राहत नाही आणि कॉम्प्रेसरला क्षणाक्षणाला चालू-बंद व्हावं लागत नाही. एसी आणि भट्टी दोन्ही असलेल्या घरांसाठीच्या प्रकारात तर याच नळीच्या एका टोकाला उन्हाळा आहे आणि दुसऱ्या टोकाला हिवाळा. उकडू लागलं की थेंब एका टोकाला जाऊन एसीला बोलावतो. गारठा वाढला की दुसऱ्या टोकाला जाऊन भट्टीला. दोघांतलं कोण ऐकेल ते खालच्या बैठकीवरचा हीट-ऑफ-कूल हा स्विच ठरवतो. दोन ऋतूंना एक थेंब पुरतो.

आता तारा. भिंतीतून येणारी केबल बारीक असते. आतल्या तांब्याच्या तारेची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. घरातली १२० व्होल्टची वीज तळघरातल्या किंवा माळ्यावरच्या यंत्राजवळ एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये २४ व्होल्टवर उतरवलेली असते, आणि भिंतीवर येते ती एवढीच. टर्मिनलवर अक्षरं कोरलेली असतात. ‘आर’ म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, रिवाजानं लाल तार. ‘वाय’ म्हणजे कूलिंग, पिवळी. ‘जी’ म्हणजे घरातला ब्लोअर, हिरवी. ‘डब्ल्यू’ म्हणजे भट्टी, पांढरी. हा रिवाज आहे, कायदा नाही. म्हणून जाणता कारागीर रंगावर न जाता अक्षर वाचतो.

पिवळ्या तारेबरोबर चालत जाऊ. पारा ‘आर’ला ‘वाय’शी जोडतो. पिवळी तार भिंतीतून, घराबाहेरच्या युनिटमध्ये जाते आणि तिथल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेनं चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलमधून करंट ट्रान्सफॉर्मरकडे परततो. त्या कॉइलला लागतो साधारण अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा करंट. तेवढ्यानं कॉइल चुंबक होते, लोखंडी पट्टी ‘खट्’ करून ओढते, आणि जाड तारांमधली २४० व्होल्टची वीज कॉम्प्रेसरला आणि बाहेरच्या पंख्याला मिळते. सुरू होण्याच्या क्षणी कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. तो सगळा दणका बाहेर, कॉन्टॅक्टरच्या संपर्कबिंदूंवर. माणसाचा हात जिथं लागतो त्या तबकडीपर्यंत त्यातलं काही येत नाही. जोखमीचं काम जिथलं तिथं ठेवायचं आणि माणसाजवळ फक्त निर्णय आणायचा, ही या वायरिंगमधली सभ्यता मला फार मोलाची वाटते. तिचा आणखी एक फायदा आहे. भिंतीवर मोठा करंट नसल्यामुळं तापमान मोजणारी पट्टी स्वतःच्याच विजेनं फारशी तापत नाही.

हिरव्या तारेचं वागणं बारकाईनं पाहण्याजोगं आहे. पंख्याचा स्विच ‘ऑटो’वर असेल तर कूलिंगच्या वेळी ‘वाय’बरोबर ‘जी’लाही वीज मिळते, म्हणजे कॉम्प्रेसर आणि ब्लोअर एकदमच सुरू. गॅसच्या भट्टीच्या वेळी मात्र थर्मोस्टॅट हिरव्या तारेला हातच लावत नाही. ब्लोअर कधी फिरवायचा ते भट्टी स्वतः ठरवते, आतला धातू पुरेसा तापल्यावर. नाहीतर कडाक्याच्या थंडीत माणसांच्या अंगावर आधी गार वाऱ्याचा झोत आला असता. चार तारांच्या या मांडणीत असा विचार कुणीतरी करून ठेवलेला आहे.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. एसी सुरू झाल्यावर आधी हवा थंड करणारी कॉइल गार होते, मग डक्टमधली हवा, मग खोली, आणि शेवटी भिंतीवरची पट्टी. भट्टीचंही तसंच, आणि ती विझल्यावरही तिच्या धातूत उरलेली ऊब खोलीत येतच राहते. पट्टीला कळेपर्यंत थांबलं तर खोली नेहमी थोडी जास्तच तापणार किंवा गारठणार. यावर उपाय म्हणून आत एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. त्याला इंग्रजी नावच आहे, अँटिसिपेटर. भट्टीसाठीचा रेझिस्टर पाऱ्याच्या स्विचशी एकसर जोडलेला. भट्टी चालू असताना तो कोमट होतो आणि पट्टीला जवळून किंचित ऊब देतो. पट्टी थोडी आधीच समाधान पावते आणि भट्टी विझते; बाकीचं काम उरलेली ऊब करते. दुधावर नजर असलेली बाई साय फुगायला लागताच गॅस बारीक करते, तसंच हे. या रेझिस्टरच्या सरकपट्टीवर अँपिअरचे आकडे छापलेले असतात, आणि भट्टीची गॅसची झडप जितका करंट घेते त्या आकड्यावर काटा लावायचा असतो.

कूलिंगचा रेझिस्टर याच्या उलट, स्विचला समांतर जोडलेला. त्यामुळं एसी बंद असतानाच त्यातून काही मिलिअँपिअर करंट वाहतो आणि पिवळ्या तारेनं कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून फिरून परत येतो. कॉन्टॅक्टर ओढायला तो अगदीच अपुरा, पण रेझिस्टर कोमट करायला पुरेसा. ती ऊब लागून पट्टीला खोली आहे त्याहून जरा जास्त तापल्यासारखी वाटते आणि ती उकाडा पुरता जाणवायच्या आधी एसीला बोलावते. पारा जोडला गेला की करंटला सोपी वाट मिळते, रेझिस्टर निवतो आणि पट्टी पुन्हा खोलीचंच ऐकू लागते. दोन ऋतूंच्या दोन स्वभावांना एकाच साध्या वस्तूनं, फक्त जोडणीची जागा बदलून, उत्तर दिलं आहे. गणकयंत्राचा लवलेश नसताना पुढचं ओळखण्याची ही कला आहे.

पिवळ्या तारेतून कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारी ही वाट पुढं एका वेगळ्या कामाला आली. ‘टी-८७’ला स्वतः चालण्यासाठी वीज लागत नाही, म्हणून जुन्या घरांत परतीची ‘सी’ तार थर्मोस्टॅटपर्यंत आणलेलीच नसे. नंतर पडदा आणि वायफाय असलेले थर्मोस्टॅट आले. त्यांना सतत वीज हवी. २०११ मध्ये आलेला नेस्ट पुन्हा गोल होता, पुन्हा कडं फिरवायचा होता. ‘सी’ तार नसलेल्या घरात तो एसी बंद असताना पिवळ्या तारेतून, कॉन्टॅक्टरच्या कॉइलमार्गे, थोडा थोडा करंट घेऊन आपली बॅटरी भरतो. जुन्या रेझिस्टरनं ज्या वाटेनं ऊब मिळवली, त्याच वाटेनं नव्यानं आपली भूक भागवली. मात्र नव्याची भूक मोठी असल्यामुळं काही घरांत कॉन्टॅक्टर कुरकुरतो, आणि मग पाचवी तार ओढावी लागते.

उणिवाही मोकळेपणानं सांगायला हव्यात. ‘टी-८७’मध्ये थांबायला लावणारी यंत्रणा नव्हती. बंद केलेला एसी कुणी लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरला साचलेल्या दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागे. चार-पाच मिनिटं धीर धरणं माणसावर सोपवलेलं होतं. आणि पारा विषारी. हजारो नळ्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९९८ मध्ये त्या गोळा करणारी स्वतंत्र संस्था उभारली. पुढं अनेक राज्यांनी पाऱ्याच्या थर्मोस्टॅटच्या विक्रीवर बंदी आणली. पाऱ्याशिवायचा गोल थर्मोस्टॅटही निघाला. सौंदर्याची ही किंमत खरी होती आणि ती मोजणं थांबवलं हे योग्यच झालं.

महाराष्ट्रातल्या घरात भिंतीवरचा थर्मोस्टॅट सहसा दिसत नाही. आपल्या स्प्लिट एसीचा सेन्सर इनडोअर युनिटमध्येच, आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेला असतो आणि आपली इच्छा रिमोटमधून जाते. अमेरिकेत जुन्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना मात्र ही तबकडी भेटते, आणि बहुतेकदा ती बदलायचाच विचार आधी येतो. बदलावी, पण आधी यंत्राची वीज मेनमधून बंद करावी, तारांचा फोटो घ्यावा, प्रत्येक तारेला तिच्या टर्मिनलच्या अक्षराची चिठ्ठी लावावी, नवा लावताना भिंतीतलं भोक बुजवावं म्हणजे पोकळीतली हवा सेन्सरला फसवणार नाही, आणि पाऱ्याची नळी न फोडता जमा करावी. नव्या थर्मोस्टॅटच्या पाठीवरही तीच अक्षरं सापडतील: आर, वाय, जी, डब्ल्यू. मग त्या नव्याला दोन प्रश्न विचारावेत: स्वतःसाठी तो किती कमी मागतो, आणि खोलीची गरज किती आधी ओळखतो? कुठल्याही नियंत्रक यंत्राची पारख मी या दोन प्रश्नांवर करतो, आणि ते मला या गोल तबकडीनं शिकवले.