झीज आणि थकवा : कांहीं इंग्रजी शब्दांचा अर्थविकास

व्युत्पत्ति कळली म्हणजे शब्दाचा अर्थ कळला, असा समज सुशिक्षितांत फार दिवसांपासून रूढ आहे. उलटपक्षीं, शब्दाचें मूळ कांहींही असो, आज लोक तो कोणत्या अर्थानें वापरतात एवढेंच पाहावें, असें म्हणणाराही एक पक्ष आहे. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धेंच पाहतात. मूळ म्हणजे अर्थ नव्हे, हें खरें. पण मुळापासून आजच्या अर्थापर्यंत शब्द कोणत्या वाटेनें आला हें पाहिल्यावांचून त्याच्या अंगीं मुरलेला भाव ओळखतां येत नाहीं. रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच या धर्मोपदेशकानें १८५१ सालीं शब्दांच्या अभ्यासावरील आपलीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं, तेव्हां शब्दांत समाजाच्या नीति-अनीतीचा इतिहास सांठलेला असतो असें त्यानें प्रतिपादिलें. त्याच्याच १८५७ मधील निबंधांतून ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची कल्पना पुढें आली. त्या कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि १९२८ सालीं तो पुरा झाला. ट्रेंचची दृष्टि मार्मिक होती. मात्र शब्दांतून उपदेश काढण्याची त्याला फार घाई असे. आम्ही येथें एकच शब्दसमूह घेणार आहों. झीज आणि थकवा दाखविणारे इंग्रजी शब्द कोठून कोठें आले, एवढें प्रथम पाहावें आणि मग कांहीं निष्कर्ष निघत असल्यास काढावा, असा आमचा क्रम आहे.

पहिला शब्द ‘वेअर’. जुन्या इंग्रजींत ‘वेरियन’ म्हणजे अंगावर घालणें, पांघरणें. लॅटिनमधील ‘वेस्टिस’ आणि आपल्याकडील आच्छादणें या अर्थाचा ‘वस्’ धातु, ‘वसन’, ‘वस्त्र’ हे सर्व त्याचे भाऊबंद होत. मुळांत या शब्दाला झिजण्याचा वासही नाहीं. परंतु अंगावर घातलेलें वस्त्र वापरानें विरतें. म्हणून घालण्याच्या क्रियेबरोबर तिचा परिणामही त्याच शब्दांत शिरला. मग कापडाबरोबर दगडी पायऱ्या झिजूं लागल्या, धीर झिजूं लागला, दिवस सरूं लागले, आणि अखेरीस माणूसही ‘वोर्न आउट’ झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्त्र आपण होऊन झिजत नाहीं. कोणी तरी तें वापरतो म्हणून तें झिजतें. चॉसरनें चौदाव्या शतकांत ऑक्सफर्डच्या एका विद्वानाचें चित्र रेखाटलें, त्यांत त्याचा झगा सूत उघडें पडण्याइतका विरलेला आहे. तेथें विरला आहे तो झगा. झग्याच्या आंतला माणूस ज्ञानासाठीं पूर्वींइतकाच भुकेला आहे. वस्त्राचें विशेषण माणसाला लागलें, तेव्हां मात्र त्याला पांघरणारा आणि वापरणारा दुसरा कोणी असला पाहिजे, असा प्रश्न आपोआप उत्पन्न होतो. भाषा तो विचारीत नाहीं, ही निराळी गोष्ट.

ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवणाऱ्यास येथें फसण्याचा मोठा संभव आहे. ‘वीअरी’ म्हणजे थकलेला, आणि ‘वेअर’ म्हणजे झिजणें. तेव्हां दोन्ही एकाच कुळांतले, असें सहज वाटतें. वस्तुतः त्यांचा कांहीं संबंध नाहीं. ‘वीअरी’चें नातें जुन्या इंग्रजींतील भटकणें, झोकांड्या खाणें या अर्थाच्या ‘वोरियन’ या क्रियापदाशीं जोडतात. थकण्याच्या अर्थाचा ‘टायर’ हाही असाच जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ कमी पडणें, संपत येणें असा आहे. गाडीच्या चाकाचा ‘टायर’ मात्र अगदीं निराळा. तो पोशाख या अर्थाच्या ‘अटायर’ शब्दाचा संक्षेप असावा, म्हणजे तें चाकाचें वस्त्र होय, असें कोशकारांचें मत आहे. ‘वीअरी’ आणि ‘टायर’ या दोन जुन्या शब्दांत थकव्याकडे पाहण्याची दृष्टि आंतून आहे. वाटसरूचीं पावलें अडखळतात, त्याची शक्ति अपुरी पडते. तो चालला म्हणून तो थकला. या चित्रांत दुसऱ्या कोणाला जागाच नाहीं.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांचें चित्र याहून वेगळें आहे. ‘एक्झॉस्ट’ हा शब्द सोळाव्या शतकांत इंग्रजींत आला. त्याचें मूळ ‘हाउरीरे’ म्हणजे पाणी उपसणें, आणि आरंभीचा उपसर्ग ‘बाहेर’ या अर्थाचा. विहीर पार कोरडी होईपर्यंत उपसावी, तसें. खजिना, जमिनीचा कस, शेवटीं माणसाचें बळ, सारें या शब्दानें उपसून काढलें. सतराव्या शतकांत हवेचे पंप आले तेव्हां आंतील हवा काढून घेतलेल्या पात्रालाही हेंच विशेषण लाभलें, आणि एकोणिसाव्या शतकांत यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या वाफेला तेंच नांव मिळालें. याच मुळापासून ‘एक्झॉस्टिव्ह’ म्हणजे सर्वांगपूर्ण, हें प्रशंसेचें विशेषण निघालें, हें गमतीचें आहे. विषय उपसून कोरडा केला तर ग्रंथकाराची वाहवा होते; माणूस उपसून कोरडा झाला तर तो निरुपयोगी ठरतो. उपसण्याची क्रिया दोहोंकडे एकच.

यानंतर जनावरांचा वर्ग येतो, आणि तो सर्वांत निष्ठुर आहे. ‘जेड’ म्हणजे थकलेलें, मरतुकडें घोडें. त्यापासून सतराव्या शतकाच्या सुमारास घोड्याला राबवून बेजार करणें या अर्थाचें क्रियापद झालें, आणि मग ‘जेडेड’ म्हणजे अतिभोगानें ज्याची रुचि मेली आहे असा माणूस. ‘हॅक्नी’ हें भाड्यानें देण्याचें घोडें. रोज नव्या स्वारानें त्यावर बसावें. त्यावरून ‘हॅक्नीड’ म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडीं पडून निःसत्त्व झालेला वाक्प्रचार, आणि ‘हॅक’ म्हणजे मिळेल त्या पैशाला मिळेल तें लिहून देणारा लेखक. म्हाताऱ्या घोड्यांना विकत घेऊन मारणारा तो ‘नॅकर’. त्यावरून आजच्या बोलींत दमलेला इंग्रज स्वतःस ‘नॅकर्ड’ म्हणवितो. ‘एफीट’ हें विशेषण तर आरंभीं वारंवार व्यालेल्या आणि आतां वीत नसलेल्या जनावरांस लावीत. पुढें तें थकलेल्या समाजास, आणि आज नाजूक व निर्बल अभिरुचीस लावतात. तें वापरणाऱ्या कितीकांस त्यामागची गाय दिसत असेल, याची आम्हांस शंका आहे.

धातूंच्या बाबतींत प्रवास उलट दिशेनें झाला. ‘फटीग’ हा मुळांत माणसाच्या थकव्याचा शब्द, फ्रेंचांतून आलेला. आगगाड्या सुरू झाल्यावर, वरकड भार नसतांही, लोखंडी आंस अचानक मोडूं लागले. १८४२ च्या मे महिन्यांत व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आंस मोडून भयंकर प्राणहानि झाली. वारंवार पडणाऱ्या ताणानें धातु आंतून कमकुवत होते, हें तज्ज्ञांच्या लक्षांत येत गेलें, आणि १८५४ सालीं फ्रेडरिक ब्रेथवेट या इंग्रज अभियंत्यानें आपल्या निबंधाच्या शीर्षकांतच धातूंच्या ‘फटीग’चा उल्लेख केला. त्या काळांत माणसाला यंत्राच्या भाषेंत आणि यंत्राला माणसाच्या भाषेंत बोलण्याची देवघेव चालू होती. पण फरक असा कीं, आंस थकला तर अभियंते भार किती व फेरे किती याचा हिशेब मांडीत. आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानें त्यासाठीं वर्षानुवर्षें प्रयोग केले. थकलेल्या आंसाचा दोष आंसावर ढकलून कोणी मोकळा झाला नाहीं.

‘सॅड’ हा शब्द या मालिकेंत आणल्यानें कित्येकांस नवल वाटेल. आज त्याचा अर्थ दुःखी असा आहे. पण जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. तृप्तीवरून पुरे झालें हा भाव, त्यावरून वीट, त्यावरून जडपणा व गांभीर्य, आणि त्यावरून दुःख. सी. एस. लुइस यानें १९६० मधील आपल्या शब्दाभ्यासाच्या ग्रंथांत या एका शब्दाला एक पुरें प्रकरण दिलें आहे. विहीर आटल्यानें जसा थकवा येतो तसा घडा भरल्यानेंही येतो, हें या शब्दाला फार जुन्या काळीं ठाऊक होतें. म्हणून थकवा म्हणजे केवळ शक्तीचा र्‍हास, अशी एकेरी व्याख्या करणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आतां या साऱ्यांच्या रूपांकडे पाहूं. ‘वोर्न आउट’, ‘एक्झॉस्टेड’, ‘जेडेड’, ‘हॅक्नीड’ हीं सर्व कर्मणि धातुसाधित विशेषणें आहेत. घातलेला, उपसलेला, राबविलेला, भाड्यानें दिलेला. प्रत्येकांत एक कर्ता गृहीत आहे, आणि प्रत्येकांत तो गाळलेला आहे. ‘मी वीअरी आहें’ असें म्हणणारा आपली अवस्था सांगतो. ‘मी एक्झॉस्टेड आहें’ असें म्हणणारा आपल्यावर घडलेली क्रिया सांगतो, पण ती कोणी केली हें सांगत नाहीं, आणि बहुधा तें त्याच्या मनांतही येत नाहीं. आमच्या मतें या शब्दसमूहाच्या इतिहासांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोलणारा खोटें बोलत नाहीं. पण वाक्याचा आकारच असा आहे कीं, जबाबदार माणूस त्याच्या बाहेर राहतो.

अलीकडचा ‘बर्नआउट’ याहून एक पाऊल पुढें जातो. १९७४ सालीं हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यांत स्वेच्छेनें काम करणाऱ्यांची अवस्था या शब्दानें वर्णिली. यांतील उपमा विझलेल्या अग्नीची आहे, आणि ती थोडी खुशामत करणारीही आहे. कारण जो पेटला होता तोच जळून संपतो. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणांत या अवस्थेची नोंद घेतली. तो रोग नसून कामाच्या जागीं सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम होय, असें तींत म्हटलें आहे. कामाच्या जागेचा उल्लेख आला, हें योग्यच झालें. परंतु ‘न हाताळल्या गेलेल्या’ असें म्हटल्यानें हाताळणारा पुन्हा अदृश्यच राहतो. शतकें लोटलीं तरी कर्मणि प्रयोगाची ही खोड जात नाहीं.

मराठी वाचकानें यावरून इंग्रजीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे ‘थकलों’, ‘दमलों’, ‘शिणलों’ हीं क्रियापदें थकणाऱ्यासच कर्ता करतात, आणि त्यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. पण ‘झिजणें’ या शब्दाभोंवतीं आपण चंदनाचा सुगंध दरवळवून ठेवला आहे. घरांतील एखादी बाई जन्मभर सर्वांचें करून मरण पावली म्हणजे ‘ती चंदनासारखी झिजली’ असें सांगून आपण मोकळे होतों. चंदन आपण होऊन झिजत नाहीं. त्याला सहाणेवर कोणाचा तरी हात घाशीत असतो. इंग्रजी भाषा तो हात विशेषणाच्या आड लपविते, आपण तो स्तुतीच्या आड लपवितों, एवढाच काय तो भेद.

या शब्दांचा वापर सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं; शब्द आज्ञेनें जात नाहींत आणि गेले तर त्यांच्या जागीं दुसरे येतात. समीक्षकानें, भाषांतरकारानें आणि विशेषतः चरित्रकारानें ‘अमका झिजला’ असें लिहिण्यापूर्वीं, तो कोणाच्या वापरानें झिजला, असा प्रश्न स्वतःस एकदां विचारावा. उत्तर लिहावें कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु प्रश्न विचारलेलें वाक्य आणि न विचारलेलें वाक्य यांतील अंतर जाणत्या वाचकाच्या नजरेंतून सुटत नाहीं.