गवंड्याच्या जेवणाचं काय झालं?

एक चित्र आहे. नाव आहे 'गवंड्याचं जेवण'. बांधकामावरचा मजूर जेवायला बसलाय. जवळ बायको, तिच्यापाशी तान्हं पोर. बस्स, एवढंच. देव नाही, राजा नाही, कमळाचं तळं नाही. झुलिओ पोमार नावाच्या पोर्तुगीज चित्रकारानं ते १९४६ साली हाती घेतलं आणि १९५० साली पुरं केलं. सुरू केलं तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता.

मी सूतगिरणीत आहे. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्यात हात धुवायची रांग. कानातला साच्याचा आवाज जेवतानाही जात नाही. म्हणून हे चित्र छापील पानावर पाहिलं तेव्हा मी आधी त्या माणसाचे हात पाहिले. हात मोठाले आहेत. पोमारच्या त्या काळातल्या माणसांचे हात असेच, अंगापेक्षा वजनदार. चित्रकलेच्या शाळेत शिकलेला मनुष्य प्रमाण चुकत नाही. त्यानं ते मुद्दाम मोडलं, कारण मजुराच्या देहात हातच सगळ्यात जास्त झिजतो. सौंदर्यशास्त्र सौंदर्यशास्त्र म्हणून जे आपल्या तोंडावर फेकतात त्यांनी एवढं बघावं.

पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या घालणारी सत्ता ती हीच. घरातही ती तशीच वागत होती. १९४७ साली पोमारला राजकीय पोलिसांनी उचललं. चार महिने काशियशच्या तुरुंगात. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले मारिओ सुआरेश त्याच कोठडीत होते. त्याच साली लिस्बनच्या प्रदर्शनातून पोलिसांनी चित्रं जप्त केली, त्यात पोमारचं 'प्रतिकार' होतं. गवंड्याचं चित्र त्या प्रदर्शनात अपुरंच टांगलं गेलं, कारण काढणारा आत होता. १९४९ मध्ये विरोधी उमेदवाराचं व्यक्तिचित्र काढलं म्हणून त्याची मास्तरकी गेली.

पोर्तो शहरात बाताल्या नावाचं सिनेमागृह आहे. तिथल्या भिंतींवर त्यानं सेंट जॉनच्या रात्रीची जत्रा रंगवली होती. नाचणारी, गाणारी साधी माणसं. १९४८ साली पोलिसांच्या हुकमानं त्यावर रंग फासला. जत्रेची सुद्धा भीती! गरीब माणूस रडताना चालतो, भीक मागताना चालतो. भिंतभर मोठा होऊन नाचायला लागला की सरकारला घाम फुटतो.

१९५३ साली तो कादंबरीकार आल्वेस रेडोल आणि इतर चित्रकारांबरोबर भाताच्या खाचरांत गेला. तिथं राबणाऱ्या बायामाणसांची चित्रं काढली. १९५६ साली 'ग्राव्हुरा' ही मुद्राचित्रांची सहकारी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. एकाच ठशावरून अनेक प्रती काढायच्या आणि सभासदांना स्वस्तात द्यायच्या. स्टेन्सिल कापून बोटं काळी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचं मोल सांगायला नको.

इथवर ठीक. आता अडचणीचा भाग.

१९६३ साली पोमार पॅरिसला राहायला गेला. मग घोड्यांच्या शर्यती आल्या, नग्न देह आले, वाघ आले. गवंडी गेला. सुआरेश राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांचं अधिकृत चित्रही यानंच काढलं. आपल्यातला एखादा लगेच म्हणेल, 'विकला गेला!' मी तसं म्हणणार नाही. तुरुंग आणि नोकरी ही किंमत त्यानं रोख मोजलीय. ज्यानं काहीच मोजलं नाही त्यानं हा शब्द वापरू नये. आणि चित्रकारानं जन्मभर एकच विषय काढावा असा फतवा काढणारे आपण कोण? फतवे काढणाऱ्यांशीच तर आपलं भांडण आहे.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पोमार विषय सोडू शकला. गवंड्याला तो सोडता आला नाही. चित्रकार पॅरिसला गेला, गवंडी दुसऱ्या दिवशी परत परांचीवर चढला. सहानुभूती आणि स्वानुभव यातला फरक ग्रंथ वाचून कळत नसेल तर इथं कळावा. सहानुभूतीला परतीचं तिकीट असतं. ती खोटी असते असं नाही. पोमारची खरीच होती. पण खरी असली तरी तिला घरी जाता येतं.

२०१५ साली तेच गवंड्याचं चित्र लिलावात साडेतीन लाख युरोला गेलं. मी अर्ध्या तासाच्या सुट्टीत हा आकडा दोनदा वाचला. जेवण ज्याचं, त्याचं नाव चित्राच्या नावातही नाही. नुसता 'गवंडी'.

आता गाण्याचं. पोमारनं कविताही छापल्या आणि फादोसाठी शब्द लिहिले. गळा दुसऱ्याचा. कार्लोस दो कार्मोसारख्या मोठ्या गायकानं त्याचे शब्द गायले. फादो हे लिस्बनच्या मोऱ्यारीया, आल्फामा अशा वस्त्यांतून वर आलेलं गाणं. खलाशी, हमाल, धंद्यावर बसलेल्या बाया यांचं. प्रतिष्ठितांनी आधी नाकं मुरडली, मग दिवाणखान्यात नेलं. २०११ साली युनेस्कोनं त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. आपल्याकडच्या लावणीची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवं वाटणार नाही. तरी मला पोमारचं हे वळण आवडतं. चित्र एकाच्या भिंतीवर जातं आणि कुलूपबंद होतं. गाणं कुणाच्याही तोंडी बसतं. लिलावात न सापडणारी वस्तू त्यानं शेवटी शेवटी करून बघितली.

२०१८ साली तो गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. २०२२ च्या डिसेंबरात बाताल्या पुन्हा उघडलं तेव्हा रंगाचे थर खरवडून ती जत्रा बाहेर काढली होती. चौऱ्याहत्तर वर्षं माणसं रंगाखाली नाचत होती. ती परत आलेली बघायला पोमार नव्हता.

म्हणून त्याला फेकून देऊ नका, डोक्यावरही घेऊ नका. त्याच्याकडून हात कसे काढायचे ते शिका. आणि डबा उघडणाऱ्याचं नाव मात्र आपल्यालाच लिहावं लागेल. माझ्या खात्यात बत्तीस जण आहेत. मी पहिल्यापासून सुरुवात केलीय.