हॉलिडे यांचे प्रारूप आणि हॉलिडे जंक्शन : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
डीएनए म्हटले की वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेला दुहेरी सर्पिल डोळ्यांसमोर येतो. परंतु पेशीतील डीएनए सर्वकाळ याच रूपात राहत नाही. जनुकीय पुनर्संयोजन व दुरुस्ती होत असताना दोन सर्पिल परस्परांत गुंतून चार भुजांची रचना तयार होते. तिला हॉलिडे जंक्शन म्हणतात. पदवी स्तरावरील अध्यापनात ही रचना आणि रॉबिन हॉलिडे (१९३२–२०१४) यांचे मूळ प्रारूप पुष्कळदा एकच मानले जाते. प्रस्तुत लेखात हॉलिडे यांच्या १९६४ च्या शोधनिबंधाचा परामर्श घेऊन या दोहोंतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शोधनिबंधाचा युक्तिवाद :
'जेनेटिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा विषय बुरशीतील जनुक-रूपांतरण हा आहे. त्याची सुरुवात डीएनएच्या छायाचित्रातून होत नाही, ती बीजाणूंच्या मोजणीतून होते. सॉर्डारियासारख्या बुरशीत अर्धसूत्री विभाजनानंतर आणखी एक साधे विभाजन होऊन एका थैलीत आठ बीजाणू तयार होतात. मेंडेलच्या नियमानुसार दोन पर्यायी रूपांचे प्रमाण ४:४ असावयास हवे. प्रत्यक्षात काही थैल्यांत ते ६:२, तर काहींत ५:३ आढळते. ५:३ हे प्रमाण विशेष अर्थपूर्ण आहे, कारण त्यात एकाच केंद्रकाच्या शेवटच्या विभाजनातून निर्माण झालेले दोन बीजाणू भिन्न निघतात. याचा अर्थ, त्या केंद्रकातील डीएनएचे दोन धागे परस्परांशी पूर्णतः जुळणारे नव्हते.

यावरून हॉलिडे यांनी पुढील क्रम मांडला. दोन समजात गुणसूत्रांतील एकेक धागा एकाच ठिकाणी तुटतो, ते धागे आपापसांत बदलतात आणि संकरित डीएनए तयार होतो. त्यातील विजोड बेस पेशी दुरुस्त करते. दुरुस्ती झाल्यास ६:२ आणि न झाल्यास ५:३ हे प्रमाण मिळू शकते. शेवटी चौफुल्याचा छेद कोणत्या दिशेने होतो यावर क्रॉसिंग ओव्हर होणार की नाही हे ठरते. डीएनएतील खराब भाग कापून काढणारी दुरुस्ती जीवाणूंमध्ये दाखविली गेली ती त्याच वर्षी, हे लक्षात घेतल्यास पुनर्संयोजन व दुरुस्ती यांना एका सूत्रात गुंफण्याचे धाडस किती मोठे होते याची कल्पना येते.

प्रारूपाच्या मर्यादा :
प्रारूपाचा सर्वांत कच्चा दुवा त्याच्या आरंभी आहे. दोन स्वतंत्र रेणू नेमके एकाच बिंदूवर कसे तुटतात, याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही. मेसेल्सन व रॅडिंग यांनी १९७५ मध्ये एकाच रेणूतील छेदापासून आरंभ कल्पिला. पुढे १९८३ मध्ये शोस्टाक, ऑर-वीव्हर, रॉथस्टाइन व स्टाल यांनी दोन्ही धागे तुटण्यापासून सुरू होणारे व दोन जंक्शन असलेले प्रारूप मांडले. यीस्टमधील अर्धसूत्री विभाजनात असे तुटणे १९८९ मध्ये दिसून आले.

दुसरी मर्यादा शेवटाविषयी आहे. मूळ प्रारूपानुसार क्रॉसिंग ओव्हर होणे व न होणे हे दोन्ही परिणाम एकाच जंक्शनमधून निघतात. परंतु अ‍ॅलर्स व लिक्टन यांच्या २००१ मधील यीस्टवरील अभ्यासावरून क्रॉसिंग ओव्हर न झालेले बहुतेक रेणू वेगळ्या मार्गाने तयार होतात असे दिसते.

रचनेचा पुरावा :
आरंभ व शेवट दोन्ही बदलले, तरी मधली रचना मात्र टिकली. पॉटर व ड्रेसलर यांनी १९७६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चार भुजांचे रेणू दाखविले. १९९१ मध्ये जीवाणूंतील रुव्ह-सी हे विकर जंक्शन कापते हे सिद्ध झाले. श्वाखा व क्लेकनर यांनी १९९५ मध्ये यीस्टमध्ये दुहेरी जंक्शन शोधले आणि २००८ मध्ये मानवातील जेन-१ या विकराची भर पडली. जंक्शन न कापता उकलण्याचाही एक मार्ग आहे व त्यात बीएलएम हे प्रथिन सहभागी असते. त्याच्या अभावी ब्लूम सिंड्रोम हा विकार होतो व भगिनी क्रोमॅटिडांतील अदलाबदल कमालीची वाढते.

रूढ आकृतीबाबतही एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. तीत दोन सर्पिल समांतर दाखविलेले असतात. प्रत्यक्षात मॅग्नेशियम आयनांच्या सान्निध्यात मोकळे जंक्शन घडी पडून प्रतिसमांतर मांडणी घेते, तर रुव्ह-ए प्रथिनाशी बद्ध असताना ते उघडून चौरसाकृती होते. म्हणजे ही आकृती धाग्यांची जोडणी सांगते, रेणूचा आकार सांगत नाही.

निष्कर्ष :
हॉलिडे यांचे प्रारूप आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्यातील संकरित डीएनए, विजोड बेसची दुरुस्ती व चार भुजांचे जंक्शन या तीन कल्पना मात्र कसोटीस उतरल्या आहेत. केवळ आकृती काढून घेणाऱ्या अध्यापनात हा भेद पुसला जातो. प्रारूप सिद्ध सत्य वाटते, किंवा ते मागे पडले असे ऐकताच रचनाही काल्पनिक वाटू लागते. विद्यार्थ्यांसमोर प्रथम ५:३ हे प्रमाण ठेवून त्याचे कारण विचारले, तर न दिसलेल्या रचनेपर्यंत केवळ तर्काने कसे पोहोचता येते हे त्यांना उमगेल. या शोधनिबंधाचे शैक्षणिक मूल्य त्यातील आकृतीपेक्षा या तर्कात अधिक आहे.