डिस्कोत उभी राहिलेली मुलगी

जालना जिल्हा आणि 'डिस्को दीवाने' ही दोन्ही एकाच सालची अपत्ये. साल १९८१. जिल्हा १ मेला औरंगाबाद आणि परभणीतून काढून वेगळा केला; अल्बम हिंदी सिनेमातून काढून वेगळा केला. दोन्ही वेळी जाणकारांनी एकच शंका काढली, "हे स्वतःच्या पायावर उभं राहील का?" जिल्ह्याचं काय झालं ते जिल्हा परिषदेला विचारा. मी अल्बमबद्दल बोलणार आहे. परवा तो पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, तोही घरात कोणी नाही असं पाहून. आमच्या वयाच्या माणसाने डिस्को ऐकायचा म्हणजे चोरून भजी खाण्यासारखंच असतं.

त्या काळी गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं. सिनेमाबाहेरचं असेल तर ते भजन, भावगीत किंवा गझल. म्हणजे गाण्याला देव लागे, चंद्र लागे, नाहीतर मद्याचा पेला तरी लागे. यातलं काहीच नसताना एक मुलगी नुसतीच गाते आहे, हे कोणाला पटेना. ही मुलगी नाझिया हसन. जन्म कराचीचा, १९६५चा. वाढली कराचीत आणि लंडनमध्ये. १९८० साली फिरोज खानच्या 'कुर्बानी'त तिने एकच गाणं म्हटलं. बाकी सिनेमाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एक गाणं तेवढं बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगलोरचा. इंग्लंडात जाऊन १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' नावाच्या गाण्याने त्याने गोऱ्यांना नाचायला लावलं होतं. पडद्यावर होती झीनत अमान, पुरती अठ्ठावीस वर्षांची, आणि गळा होता पंधरा वर्षांच्या पोरीचा. एरवी हिंदी सिनेमात याच्या बरोबर उलटं चाले. सोळा वर्षांच्या नायिकेसाठी पन्नाशीची गायिका गाई, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नसे. त्या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअर मिळालं. पुढच्याच वर्षी बिद्दूच्याच संगीतात तिचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. सोबतीला भाऊ झोहेब होता, कारण आपल्याकडे मुलगी डिस्कोला गेली तरी भावाला बरोबर धाडतात.

जालन्यात हा अल्बम तबकडी होऊन आला नाही. आमच्याकडे तो आखातातून आला, एका आतेभावाच्या टू-इन-वनमध्ये बसून. मग एका दुकानदाराकडे रिकामी कॅसेट भरायला दिली. "काहून पैसे घालवता साहेब, घरातली जुनीच आणा, तिच्यावर भरून देतो," असं तो म्हणाला आणि त्याने तसं भरून दिलंही. परिणामी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटे आणि एकदम बुवांचं निरूपण सुरू होई. नाचून दमलेल्या माणसाला वैराग्य यावं ते इतक्याच वेगाने.

घरातला पहिला समीक्षक म्हणजे आमचे तात्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं. त्यामुळे गाण्यात ते आधी शब्दांचे उच्चार तपासत, मग सूर, आणि शेवटी नाइलाजाने आनंद घेत. त्यांनी निकाल दिला : "उच्चारात विलायती वारा शिरलाय, पण पास. सूर पास. ताल मशीनचाच, तो नापास कसा होईल? मात्र आवाजाला तयारी नाही."

तात्यांचं म्हणणं खरं होतं. त्या आवाजाला तयारी नाही. तो बारीक आहे, उन्हाळ्यातल्या कुंडलिकेच्या धारेसारखा. किंचित नाकात आहे. तान नाही, मुरकी बेताची, वरच्या पट्टीत जायचं तर हळूच, शेजारी जागे होतील अशा बेताने. पण अल्बमची सगळी गंमत तिथेच आहे. खाली ढोल, बास आणि सिंथेसायझर धावत असतात. बिद्दूचं वाद्यवृंदाचं यंत्र एकदा सुरू झालं की पिठाच्या गिरणीसारखं थांबत नाही. वरचा आवाज मात्र धावत नाही. तो एका जागी उभा असतो. बिद्दूने तो एकावर एक दुहेरी चढवला, त्यामुळे मुलगी स्वतःच्याच प्रतिध्वनीशी बोलते आहे असं वाटतं. सगळं लग्नघर नाचत असावं आणि एक मुलगी खिडकीपाशी उभी राहून बाहेर बघत असावी, तसं हे गाणं आहे. नाचायला बोलावते, पण स्वतः नाचत नाही. आता या अल्बमात एका गाण्याचं नावच 'लेकिन मेरा दिल' आहे. डिस्कोच्या अल्बमात 'लेकिन'! नाचणाऱ्याला 'लेकिन' कशाला सुचेल?

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हा लेख समीक्षा न ठरता आरती ठरेल. शब्द पातळ आहेत. दिल, रात आणि ख्वाब यांची वाटणी सगळ्या गाण्यांत समान केली आहे. झोहेब गातो तेव्हा आपण चहा टाकायला उठतो. चार गाणी सलग ऐकली की ठेका तोच आहे की कॅसेट अडकली, असा संशय येतो. गाण्याचं गाणंपण विचाराल तर मराठीत त्याच दशकात याहून कितीतरी मोठं काम झालं.

पण मोठं काम ऐकून माणूस हात जोडतो, तोंड उघडत नाही. आमच्या ताईचं उदाहरण घ्या. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात गाण्याच्या निवडीतून बाईंनी तिला काढलं होतं, आवाज बारीक आणि नाकात म्हणून. त्यानंतर ती न्हाणीघरातसुद्धा गात नसे. ही कॅसेट आली आणि महिनाभरात भांडी विसळताना ती गायला लागली, बारीक आणि नाकातच. आई म्हणाली, "हळू गं, लोक ऐकतील." ताई म्हणाली, "ऐकू देत. ती नाही का गात?" तात्या ओसरीवर उर्दू पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "हिचा 'क़' त्या पोरीपेक्षा बरा आहे." आमच्या घराण्यात याहून मोठा पुरस्कार आजवर कोणाला मिळालेला नाही.

मला या अल्बमची खरी किंमत इथे दिसते. झियांच्या लष्करी राजवटीतल्या देशाची मुलगी बंगलोरच्या माणसाच्या चालीवर लंडनमध्ये गायली. ते ब्राझीलपर्यंत वाजलं ते वाजलंच, पण जालन्यातल्या एका मोरीपर्यंतही पोचलं. तिथे त्याने एवढंच सांगितलं, की पंधराव्या वर्षी पंधरा वर्षांच्याच आवाजात गायला हरकत नाही. गाण्याला तयारी लागतेच; गाणं म्हणायला मात्र ती लागत नाही.

पुढे नाझिया कायदा शिकली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी केली, गाणं हळूहळू मागे टाकलं. १३ ऑगस्ट २००० रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने ती लंडनमध्ये गेली. वय ३५. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये तीच चाल पुन्हा नाचवली, तिचा आवाजही मध्ये थोडा ठेवला. आजूबाजूचा सगळा गोंगाट तिच्या तिप्पट वेगाने धावतो आहे. ती आपली तशीच उभी आहे, आणि त्या गर्दीत आपले कान बरोबर तिलाच शोधत जातात.