अक्षरांची भिंत आणि वाचणारे डोळे

दुबईच्या शेख झायेद मार्गावरून जाताना मधोमध पोकळ असलेली एक चंदेरी इमारत दिसते. हे तिथले भविष्याचे संग्रहालय. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ते उघडले. उंची ७७ मीटर, अंगावर १,०२४ पोलादी तुकडे, आणि त्या सर्वांगावर वळणदार अरबी मजकूर. वास्तुकार शॉन किल्ला. अक्षरे मत्तर बिन लाहेज या कलावंताची.

ही अक्षरे रंगवलेली नाहीत. ती खिडक्या आहेत. दिवसा त्यांतून ऊन आत येते, रात्री ती दिव्यांनी उजळतात. भिंतीचे काम अडवण्याचे. इथे अक्षरच तिला मोकळी करते. हे आम्हांला मनापासून आवडले.

पण एक गोष्ट खटकते. मजकूर दुबईच्या शासकांच्या वचनांचा आहे. माणूस शेकडो वर्षे जगत नाही, त्याची निर्मिती मागे राहते, असा एका वचनाचा आशय. विचार चांगलाच. मात्र त्या देशात दहांपैकी सुमारे नऊ रहिवासी परदेशी. आपल्या कोकणातला कामगार रोज तिथून जात असला, तरी अरबी येत नसेल तर त्याला ती नुसती नक्षी.

अबू धाबीच्या लुव्र संग्रहालयात जेनी होल्झर या अमेरिकन कलावतीने दगडी भिंतींवर जुने ग्रंथ कोरले आहेत: मेसोपोटेमियाची सृष्टिकथा, इब्न खल्दून आणि फ्रेंच लेखक मॉन्तेन. तीन संस्कृती शेजारी आणल्या, ही मोठी गोष्ट. तरी कीलाक्षरे वाचणारा पाहुणा विरळाच.

दूरच्या भिंतींना नावे ठेवताना आम्हांला घरचे आठवते. आपल्याला तर दाराच्या चौकटीवर आणि वेशीवर वचन लिहिण्याची आज्ञाच आहे, मेझुझा त्यासाठीच. आपल्या कबरस्तानांतल्या कित्येक दगडांवर हिब्रू आणि मराठी एकाखाली एक आहेत. इस्राएलमध्ये वाढलेल्या नातवाला वरची ओळ वाचता येते, खालची नाही. मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातीला दोन्ही अडतात. म्हणजे आपलाही मजकूर हळूहळू नक्षी होत चालला आहे.

दुबईची भिंत देखणी आहे, यात शंका नाही. पण अक्षर जिवंत राहते ते वाचणाऱ्यामुळे. ज्येष्ठांना आमची विनंती आहे: पुढच्या वेळी नातवंडांना सोबत न्या, आजोबांच्या दगडावरची मराठी ओळ बोट ठेवून वाचून दाखवा, आणि मग त्यांच्याकडून वाचून घ्या.