झांकलेलीं नांवें : दुर्मिळ ‘सोल’ तबकड्या व अप्रसिद्ध ध्वनिमुद्रणें यांच्या संशोधनाचें परीक्षण

जुनें दप्तर हातीं आलें असतां त्याचा रुमाल कोणी बांधला, तें कोणाच्या घरीं होतें, आंतील कागद अस्सल कीं नक्कल, हें प्रथम पाहण्याची शिस्त आपल्या वाचकांस नवी नाहीं. हीच शिस्त कागदाऐवजीं गाण्याच्या तबकडीस लावली तर काय निष्पन्न होतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय परदेशचा आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायकांनीं मुख्यतः १९६० नंतरच्या दहा वर्षांत गायिलेल्या ‘सोल’ संगीताच्या ४५ फेर्‍यांच्या लहान तबकड्या, आणि त्यांच्या मागें लागलेले इंग्लंडांतील संग्राहक, हा तो विषय. त्रैमासिकाच्या पंक्तीस तो बसविणें आमच्या कित्येक मित्रांस रुचणार नाहीं. परंतु बखरींच्या प्रतींवरील झगडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस पुढील हकीकत ओळखीची वाटेल अशी आमची अटकळ आहे.

मूळ प्रकार असा. उत्तर इंग्लंडांतील गिरण्या-कारखान्यांच्या गांवीं तरुण मंडळी शनिवारीं रात्रीं नाचत. मँचेस्टरचें ट्विस्टेड व्हील, टन्स्टॉलचें गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचें मेक्का आणि विगन येथील कॅसिनो (२३ सप्टेंबर १९७३ ते ६ डिसेंबर १९८१) हीं त्यांचीं स्थानें. त्यांस रुचे ती १९६५ च्या सुमाराची द्रुत लय. पण अमेरिकेंतील गायनाची चाल तोंपर्यंत बदलून गेली होती. तेव्हां नवा माल मिळावयाचा तो जुन्यांतूनच, आणि जुन्यांतहि जो पूर्वीं खपला नव्हता त्यांतून. ह्या आवडीस ‘नॉर्दर्न सोल’ हें नांव लंडनचे लेखक व दुकानदार डेव्ह गॉडिन यांनीं दिलें व १९७० सालीं ‘ब्लूज अँड सोल’ मासिकांतील लेखानें तें रूढ केलें. बाजारांत पडलेल्या गाण्यास पुढें केवढें आयुष्य लाभूं शकतें, ह्याचें उदाहरण म्हणजे ग्लोरिया जोन्स हिचें ‘टेंटेड लव्ह’. १९६५ सालीं तें तबकडीच्या दुय्यम बाजूस निघालें व विस्मृत झालें. १९७३ सालीं रिचर्ड सर्लिंग यांस अमेरिकेच्या प्रवासांत त्याची प्रत मिळाली. आणि १९८१ सालीं ‘सॉफ्ट सेल’ ह्या इंग्रज जोडीनें तें पुनः गाऊन तेथील यादींत पहिला क्रमांक मिळविला.

ह्या क्षेत्रांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे फ्रँक विल्सन याचें ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’. मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ नांवाच्याच लेबलावर ३५०१९ ह्या क्रमांकानें ती तबकडी १९६५ सालीं छापली गेली, पण विक्रीस आली नाहीं. नमुन्याच्या प्रती नष्ट करण्यांत आल्या. विल्सननें गायक व्हावें कीं गीतांचा निर्माता, असा प्रश्न निघाला व त्यानें दुसरें पत्करलें, अशी परंपरा आहे. पुढें तो नामांकित निर्माता झाला ही गोष्ट परंपरेस पोषक आहे खरी, पण पोषक असणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास एक प्रत कंपनीच्याच संग्रहांतून बाहेर पडली. तिजवरून एक चोरटी आवृत्ति निघाली व तिजवर गायकाचें नांव ‘एडी फॉस्टर’ असें घालण्यांत आलें. गंमत अशी कीं एडी फॉस्टर हा खरोखरीचा निराळा गायक होता. म्हणजे येथें निनांवी ग्रंथास कल्पित कर्ता चिकटविला नाहीं, तर एकाचा ग्रंथ दुसर्‍या हयात कवीच्या नांवें खपविला. नाचणार्‍या मंडळींनीं तो खराहि मानला. कंपनीच्या इंग्लंडांतील शाखेनें १९७९ सालीं खर्‍या नांवानिशीं अधिकृत आवृत्ति काढली. मूळ प्रतींपैकीं एक २००९ सालीं २५,७४२ पौंडांस गेली आणि २०२० सालीं एका प्रतीची किंमत एक लक्ष पौंड झाली.

गाणें चांगलें आहे. त्यांतील उल्हास बनावट नाहीं, आणि विल्सनचा आवाज वरच्या सुरांस किंचित् ताणला जातो तेंहि आम्हांस गोड वाटतें. परंतु त्याच कंपनीनें त्याच वर्षीं त्याच तोलाचीं गाणीं विक्रीस काढलीं व तीं आज थोड्या पैशांत मिळतात. एक लक्ष पौंड हा गाण्याचा भाव नव्हे, प्रतीचा भाव आहे. हा भेद संग्राहक तोंडानें मान्य करतात व लिहितांना विसरतात, हा आमचा पहिला आक्षेप. डॅरेल बँक्स याचें ‘ओपन द डोअर टु युवर हार्ट’ घ्या. १९६६ सालीं तें अमेरिकेंत चांगलें खपलें. तिकडील प्रत दुर्मिळ नाहीं. इंग्लंडांत मात्र ‘लंडन’ लेबलावर छापलेली आवृत्ति हक्कांच्या वादामुळें मागें घेण्यांत आली व गाणें ‘स्टेटसाइड’ लेबलावर निघालें. त्या मागें घेतलेल्या आवृत्तीची एक प्रत २०१४ सालीं १४,५४३ पौंडांस गेली. पाठ तोच, गळा तोच. दुर्मिळ आहे तो केवळ कागदी शिक्का. विल्सनची तबकडी ही एके काळीं पाठाचाच एकमेव आधार होती, बँक्सची कधींच नव्हती. दोहोंस एकाच ‘दुर्मिळ’ शब्दानें संबोधणें ही परीक्षणांतील ढिलाई होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नृत्यगृहांत तबकड्या वाजविणारे ‘डीजे’ आपल्या तबकडीचें लेबल कागद चिकटवून झांकीत व गाण्यास व गायकास बनावट नांवें देत. प्रतिस्पर्ध्यास तीच तबकडी सांपडूं नये हा हेतु. ह्या चालीच्या बाजूनें बोलण्यासारखें थोडें आहे : नांव फुटलें कीं चोरटी आवृत्ति निघे, आणि ज्यानें पदरमोड करून समुद्रापलीकडील वखारींतून धुळीचे ढीग उपसले त्याच्या श्रमांचें मोल एका आठवड्यांत शून्य होई. आम्हांसहि एका गृहस्थांनीं पोथीचें पुष्पिकेचें पान तळहातानें झांकून दाखविलें होतें, व त्यांचा राग आम्हांस त्या दिवशीं आला तितका आज येत नाहीं. पण परिणाम पाहावा. पोथीचा लेखक दोनशें वर्षांपूर्वीं वारलेला असतो. ह्या तबकड्यांचे गायक डेट्रॉइट-शिकागोच्या गल्ल्यांत हयात होते, पोटापाण्याचे दुसरे उद्योग करीत होते, आणि समुद्रापलीकडे शेंकडों लोक आपल्या गाण्यावर नाचत आहेत ही वार्ताहि त्यांपैकीं अनेकांस नव्हती. झांकलेल्या लेबलाखालीं केवळ उगम दडत नसे, हकदारहि दडत असे.

अस्सल-नकलेच्या परीक्षेंत मात्र ह्या मंडळींनीं जी बारकाई दाखविली आहे तिची तारीफ केली पाहिजे. तबकडीवर रेषा संपतात तेथपासून लेबलापर्यंत जी कोरी पट्टी राहते तींत क्रमांक व खुणा असतात. तीच तबकडीची पुष्पिका. न्यूयॉर्कच्या बेल साउंड ह्या शाळेंत कापलेल्या तबकडीवर त्या शाळेचा ठसा उमटविलेला असतो. नक्कल करणारा पुष्कळदां तो हातानें कोरतो व तेथेंच सांपडतो. लॉस एंजलिसच्या मोनार्क कारखान्याच्या मालावर त्रिकोणाची खूण व तिजपुढें क्रमांक असतो. हे क्रमांक क्रमानें चढत असल्यानें लेबलावर तारीख नसली तरी छपाईचा काळ ठरवितां येतो. द्रव्याची परीक्षा निराळी. कित्येक अमेरिकन कारखाने लवचीक व्हिनिलऐवजीं ठिसूळ पॉलिस्टायरीन सांच्यांत ओतीत, व त्यावर लेबल बहुधा मागाहून चिकटविलें जाई. जी आवृत्ति केवळ पॉलिस्टायरीनची असावयाची तिची व्हिनिल प्रत पुढें आली तर संशय घ्यावा. मात्र पट्टींतील क्रमांक जुळला म्हणजे झालें, असें मानणें चुकीचें. तोच सांचा मागाहून पुनः वापरला गेला तर क्रमांक तोच राहील व प्रत नवी असेल. क्रमांक, ठसा, द्रव्य व लेबलाचा टाइप हे चारहि साक्षीदार एके ठिकाणीं तपासावे लागतात.

आतां अप्रसिद्ध ध्वनिमुद्रणांविषयीं. लंडनच्या एस कंपनीची ‘केंट’ ही शाखा १९८२ सालीं सुरू झाली व ॲडी क्रॉसडेल यांनीं अमेरिकन कंपन्यांचीं कोठारें तपासण्याचें काम हातीं घेतलें. सेप्टर-वँड कंपनीच्या फितींतून चक जॅक्सन, मॅक्सिन ब्राउन यांचीं कधींच न छापलेलीं गाणीं निघालीं, व तीं नृत्यगृहांत जुन्या प्रसिद्ध गाण्यांच्या बरोबरीनें मान्य झालीं. संपादकाचें हें खरें काम होय : नांव उघडें, उगम सांगितलेला, आणि गायकाशीं करार. तरी एक शंका आम्हीं नोंदवितों. कांहीं फितींवर तयार मिश्रण सांपडतें. कांहींवर गायन, तंतुवाद्यें, ताल हे निरनिराळ्या पट्ट्यांवर असतात व आजचा संपादक त्यांचें मिश्रण करतो. पहिला प्रकार म्हणजे लिहून पुरा झालेला पण न पाठविलेला खलिता. दुसरा म्हणजे कर्त्याच्या टिपणांवरून संपादकानें जुळविलेला मजकूर. दोन्ही वाचनीय, पण एका किमतीचे नव्हेत. प्रत्येक गाण्यासोबत मिश्रण कोणत्या काळचें हें एका ओळींत छापलें तर पुष्कळ घोटाळा टळेल. कांहीं संग्रहांत ती ओळ असते, कांहींत नसते.

मोटाउननें आपलीं कोठारें उघडलीं त्यास एक कारण कायद्याचें झालें. युरोपांत २०११ च्या निर्देशानें प्रकाशित ध्वनिमुद्रणांचे हक्क ७० वर्षांपर्यंत वाढले, पण अप्रकाशितांस ५० वर्षांचीच मुदत राहिली. तेव्हां १९६० नंतरच्या दशकांतील न छापलेलीं गाणीं मुदत संपण्यापूर्वीं वर्षवार, ढिगांनीं प्रसिद्ध होऊं लागलीं. हेतु व्यापारी असला तरी फळ आमच्या पदरांत पडलें.

सगळींच कोठारें इतकीं सुदैवी नव्हतीं. १ जून २००८ रोजीं हॉलिवुड येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारांत आग लागली. तींत मूळ फितींचें एक कोठार जळालें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २०१९ सालीं नुकसानीचा जो आंकडा दिला तो अतिशयोक्त असल्याचें कंपनीनें म्हटलें; तो वाद येथें नको. ज्या गाण्याची फीत अशी गेली व तबकडी कधीं निघाली नाहीं, त्याचा आधार उरतो तो ध्वनिमुद्रणाच्या वेळीं ऐकून पाहण्यासाठीं एकेक कापलेली लाखेच्या मुलाम्याची ‘ॲसिटेट’ तबकडी. ती दर वाजविण्यास झिजते. तिच्या लेबलावर बहुधा हातानें लिहिलेलें गाण्याचें नांव तेवढें असतें. गायकाचें असेलच असें नाहीं. अशी तबकडी ज्याच्या घरीं आहे त्यानें ती वाजविण्यापूर्वीं लेबलाचें व पट्टीचें छायाचित्र घ्यावें, शाळेचें नांव व हस्ताक्षर टिपून ठेवावें, एकदांच नीट उतरून घ्यावी, आणि तिजवर कागद चिकटवूं नये. कारण डिंक निघतांना शाई बरोबर घेऊन जातो.