रोप मोजता येतं, रान कसं मोजणार?

मंडळी, 'किंमत' आणि 'मूल्य' यांतला फरक आपण मागे पाहिला, तेव्हा कान्टचं नाव घेतलं होतं. कान्ट १७८५ च्या ग्रंथात म्हणतो की ज्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. कान्ट हे माणसाविषयी म्हणत होता, झाडाविषयी नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी आज तोच फरक घेऊन आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी जाणार आहोत, कारण आपल्याकडे जंगलाची किंमत अगदी रुपयांत ठरलेली आहे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वनजमिनीचे दर मान्य केले: हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत. अभयारण्याला पाचपट, राष्ट्रीय उद्यानाला दसपट. रस्ता, खाण किंवा धरणासाठी वनजमीन घ्यायची तर अशी ठरलेली रक्कम भरायची, शिवाय दुसरीकडे झाडं लावण्याचा खर्च द्यायचा. हा पैसा वर्षानुवर्षं साचत गेला. २०१६ चा कायदा झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे वळवले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले.

आमचा आक्षेप दर कमी की जास्त यावर नाही. पैसा जिथून येतो, त्यावर आहे. म्हणजे रान तुटेल तेव्हाच रान राखायला निधी! अमेरिकेतही १९६४ चा एक कायदा आहे. समुद्रातल्या तेलाच्या उत्पन्नातून तिथे उद्यानं, पायवाटा आणि मोकळ्या जमिनींसाठी अनुदान मिळतं. तेल काढून बाग करायची, हाही व्यवहारच. पण त्यात एक अट आहे: अनुदानातून झालेली जागा कायम लोकांच्या फिरण्या-खेळण्यासाठीच राहील. ती दुसऱ्या कामाला घ्यायची तर तितक्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते. आमच्या मते अनुदानाचा खरा कस या अटीतच लागतो. किती कोटी दिले हे नंतर विचारू. दिलेलं टिकवायला कोण बांधील आहे, हे आधी.

आपल्याकडे काय मोजलं जातं ते पाहा. २०१६ साली राज्यात दोन कोटी रोपांचा संकल्प झाला. मग चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी. पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. समितीचं आम्ही बाजूला ठेवतो, आकडा फुगत का गेला एवढंच विचारतो. कारण रोप मोजता येतं, त्याचा खड्डाही मोजता येतो. चौथ्या उन्हाळ्यात त्या रोपाला टँकर कोण नेणार, याला हिशेबात रकानाच नाही. आणि खान्देशातला मे महिना कसा असतो, हे तुम्हाला काय सांगावं?

घरचंच उदाहरण सांगतो. आमच्या कॉलनीमागे एक 'ओपन स्पेस' आहे. तिथे निधी आला. पेव्हर ब्लॉक बसले, व्यायामाची लोखंडी यंत्रं बसली, नावांचा फलकही लागला. रोपं लागली, पण नळजोडणी नाही. विचारायला गेलो तर कळलं की रोपांचं लेखाशीर्ष वेगळं आणि पाण्याचं वेगळं. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं वाळलं. एक कडुनिंब तेवढा जगला, कारण शेजारच्या घराच्या मोरीचं पाणी त्याच्याकडे जात होतं.

अॅरिस्टॉटलचं एक निरीक्षण इथे कुणी तरी आमच्या तोंडावर फेकेल: जे पुष्कळांचं, त्याची काळजी सर्वांत कमी. खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. नव्वदीच्या सुरुवातीला या आदिवासी पाड्याभोवतीचं रान उघडं पडलं होतं, पाण्याची ओरड होती. गावाने एकत्र बसून नियम केले: कुऱ्हाड बंद, बैलगाडी बंद, मोडेल त्याला दंड, राखणीला गावचीच माणसं. वनखातं, संस्था, योजना यांची मदत झाली, नाही असं नाही. पण ती एका चालू असलेल्या राखणीला मिळाली. आज तिथे सुमारे ४०० हेक्टर रान उभं आहे. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला. भीतीही वाटली, की आता 'बारीपाडा पॅटर्न' नावाचं लेखाशीर्ष निघेल आणि ज्या गावात कुणी बैठकसुद्धा घेतलेली नाही तिथेही ते वाटलं जाईल.

कुणी म्हणेल, सर, मग निधी नकोच म्हणता का? तसं नाही. यावल अभयारण्य फक्त गावकऱ्यांच्या जोरावर राखता येणार नाही. वणव्याच्या दिवसांत तिथे पगारी माणूस, गाडी आणि वायरलेस लागतो. गावाच्या पुण्याईवर सगळं सोडून सरकारने हात झटकणं, हीसुद्धा लबाडीच. आम्ही म्हणतो ते इतकंच की लागवडीचा पैसा आणि राखणीचा पैसा वेगळा धरा, आणि राखणीचा पैसा खर्चताना ग्रामसभेला विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं सामूहिक रान राखण्याचा हक्क दिला आहे. मुक्ताईनगरकडच्या मुक्ताई-भवानीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, असं वन्यजीव कायदाच सांगतो. कागदावर दार उघडं आहे. आत जाऊन 'या वर्षी राखणदाराला किती दिलं?' एवढं विचारणारा माणूस हवा.

तुमच्यापैकी जे चोपडा, रावेर, शिरपूर, साक्रीकडचे आहेत, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हाच एक प्रश्न विचारावा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवावं. पुढच्या व्याख्यानाला आम्ही ती उत्तरं घेऊनच बसू.